शिवलेली नऊवारी: मंगळागौरीच्या खेळांत पारखलेले वस्त्र

शिवलेली नऊवारी आता मराठी घरांत इतकी रुळली आहे की कापड, शिलाई, माप, टिकाऊपणा आणि किंमत या अंगांनी तिची नीट पारख करण्याचे सहसा कुणी मनावर घेत नाही. दादरच्या हिंदमाता परिसरात, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर आणि तुळशीबागेत ती दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेली असते. बाळाच्या बोरन्हाणापासून नवरीच्या बोहल्यापर्यंत सर्व वयांच्या मापांत ती मिळते. तिच्याविषयी बोलले जाते ते मात्र दोन टोकांचे. दुकानदार सांगतात की पाच मिनिटांत तयार होता येते, आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की ही काही खरी नऊवारी नव्हे. या दोन्ही बोलण्यांत मुख्य प्रश्न बाजूला राहतो: ही अंगावर असताना बाईला मोकळेपणाने बसता, वाकता, उड्या मारता, पळता येते का? नऊवारी हे मुळात कामाचे वस्त्र आहे. भाताच्या खाचरात लावणी करणाऱ्या, मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या, ओसरी सारवणाऱ्या आणि फडावर तासन्‌तास नाचणाऱ्या बायकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले. त्यामुळे तिच्या शिवलेल्या रूपाचीही परीक्षा हालचालीवरच व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे आणि हे परीक्षण मी त्याच दृष्टीने लिहीत आहे.

आमचा ठाण्यात मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या बायकांचा गट आहे. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजायची आणि रात्र खेळांनी जागवायची ही जुनी रीत. आता ती घरापुरती राहिलेली नाही. सोसायटीची सभागृहे, महिला मंडळे, बँकांची कार्यालये, शाळा, अशा सगळीकडून बोलावणी येतात. गटात महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली आहेत तशा साठी ओलांडलेल्या काकूही आहेत. झिम्मा, पिंगा, तवा फुगडी, भुई फुगडी, लाट्या, सूप नाचवणे, गाठोडे, कोंबडा असे खेळ सलग चालतात, आणि त्यांत शरीराचा एकही सांधा स्वस्थ बसत नाही. वस्त्राची पारख करायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. आमच्यात तिन्ही प्रकार आहेत: काहींनी बाजारातून तयार शिवलेली नऊवारी घेतली, काहींनी स्वतःची साडी शिंप्याकडे देऊन शिवून घेतली, आणि दोन ज्येष्ठ सदस्या एरवी आजही पूर्वीसारखी नेसतात.

आधी नेसलेल्या नऊवारीची रचना समजून घ्यावी लागते, कारण शिवणारा कुठे चुकतो ते त्याशिवाय कळत नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याला परकर लागत नाही. कमरेला गाठ बसते, पुढे निऱ्या येतात, आणि मधला कापडाचा भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन काष्टा खोचला जातो. या रचनेचे मर्म असे आहे की मांड्यांभोवतीचे कापड कुठेही कायमचे जोडलेले नसते. बाई उकिडवी बसली की कापड सरकते, उभी राहिली की परत जागेवर येते. काम जड असेल तर काष्टा वर ओढून घोटे आणि पोटऱ्या मोकळ्या करता येतात, देवळात जायचे असेल तर तोच सैल सोडून घोट्यापर्यंत आणता येतो. कोळणीची नऊवारी गुडघ्याशी थांबते आणि ब्राह्मणी पद्धतीची पायघोळ असते, तरी कापड तेच. ताण आला की वाट काढणारे हे कापड आहे. शिवणीत हा गुण पहिल्यांदा हरवतो, कारण शिवण जागची हलत नाही.

आता बाजारातली तयार नऊवारी. मी घेतली ती जांभळ्या रंगाची, हिरव्या काठाची, सेमी सिल्क म्हणून विकली जाणारी होती आणि तिची किंमत अठराशे रुपये होती. हँगरवर ती देखणी दिसते यात शंका नाही. निऱ्या इस्त्रीच्या घडीवर शिवलेल्या, काष्ट्याचे दोन्ही काठ मागे मधोमध एका रेषेत आणलेले, कमरेला पुढे सपाट पट्टा, मागे इलॅस्टिक आणि बाजूला हूक. पाय घालायचे, हूक लावायचा, पदर खांद्यावर घेऊन पिन लावायची. खरोखरच पाच मिनिटे लागतात. फोटो काढून घरी परतायचे असेल तर याहून अधिक काही लागत नाही, आणि त्या वापरासाठी मी तिला नावे ठेवणार नाही.

खेळ सुरू झाले की मात्र गोष्ट बदलते. भुई फुगडीत उकिडवे बसून, एकेक पाय पुढे टाकत, बसल्या बसल्या उड्या मारायच्या असतात. या बैठकीत मांड्या पूर्ण उघडतात आणि सगळा ताण आसनावर, म्हणजे दोन पायांच्या शिवणी जिथे एकत्र येतात त्या जागी येतो. तयार नऊवारीत या जागी चार शिवणी एका बिंदूत भेटतात, कापड अंगाबरोबर बेतलेले असते आणि माया, म्हणजे शिवणीबाहेर राखलेले जादा कापड, जेमतेम बोटाच्या पेराएवढी ठेवलेली असते. माझ्या नऊवारीची शिवण पहिल्याच कार्यक्रमात इथेच उसवली. आत चुडीदार घातलेला असल्यामुळे निभावले. पुढे गटातल्या आणखी काहींची त्याच ठिकाणी उसवली तेव्हा हा एखाद्या कारागिराच्या हाताचा दोष नसून बेतण्याचाच दोष आहे, हे स्पष्ट झाले. गाठोड्याच्या खेळात पायाचे अंगठे धरून जमिनीवर लोळायचे असते. तिथे पाठीमागचा शिवलेला काष्टा कण्याखाली दोरीच्या पिळासारखा रुततो, कारण त्यात कापडाच्या घड्या, काठाची जर आणि आतली कडक पट्टी असे थर एकावर एक बसवलेले असतात. नेसलेल्या नऊवारीत हाच काष्टा लोळताना चपटा होऊन बाजूला सरकतो, आणि आमच्या ज्येष्ठ सदस्या गाठोडे खेळताना इतक्या निर्धास्त का असतात याचे कारण त्यातच आहे.

दुसरा दोष पदराचा, आणि मला तो अधिक खुपतो. नेसलेल्या साडीत निऱ्या, कंबर आणि पदर हे एकच सलग कापड असते, त्यामुळे पदर हवा तेवढा लांब सोडता येतो, पाठीवरून फिरवून कमरेला खोचता येतो. तयार नऊवारीत पदराचा तुकडा वेगळा कापून डाव्या कमरेशी जोडलेला असतो, आणि कापड वाचवायचे म्हणून तो आखूड ठेवतात. काही दुकाने तर सहावारीच्या कापडातून नऊवारी बेततात. तसे बेतता येते, पण मग निऱ्या विरळ पडतात, काष्टा अरुंद होतो आणि पदर पाठीवर जेमतेम कमरेपर्यंत पोहोचतो. असा पदर पुढे आणून खोचता येत नाही. पदर खोचून कामाला लागायचे ही आपल्याकडे बाईच्या कामाची पहिली खूण मानली जाते, आणि इथे तेवढीही सोय ठेवलेली नाही. झिम्म्यात हा आखूड पदर सतत खांद्यावरून घसरतो, खेळणारीचा एक हात त्यालाच सावरण्यात गुंततो, आणि दोन पिना लावल्या तर ब्लाऊज खांद्याशी फाटते.

मापांबद्दलही लिहिले पाहिजे. तयार नऊवारी ‘फ्री साइझ’ म्हणून विकतात आणि त्यासाठी इलॅस्टिकवर भिस्त ठेवतात. इलॅस्टिक कंबर सांभाळते, उंची सांभाळत नाही. पाच फुटांच्या आतल्या बाईला ती पायात येते आणि पिंग्यात स्वतःच्याच निऱ्यांवर पाय पडण्याचा धोका राहतो. उंच बाईला ती घोट्याच्या बरीच वर राहते आणि आसन वर ओढले जाऊन चालतानाही काचते. नेसलेल्या नऊवारीला ठेंगणी-उंच, बारीक-जाड, गरोदर-बाळंतीण असा भेद कधी करावा लागला नाही. एकच लुगडे सासू आणि सून आलटून पालटून नेसत. शिवताना ही सोय सोडावी लागते हे मान्य. पण मग निदान कंबर आणि उंची अशी दोन मापे देऊन विकावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

यानंतर मी स्वतःची साडी शिवायला दिली. आमच्या भागातले एक वयस्क शिंपी हे काम करतात. त्यांच्याकडे लग्नसराईत नवरी मुलींच्या नऊवाऱ्या असतात आणि श्रावणाच्या तोंडावर मंगळागौरीच्या गटांच्या. मी त्यांना भुई फुगडीची अडचण सांगितली तेव्हा ते म्हणाले, “ताई, गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून बघतं. आम्हीही मग उभ्यानं छान दिसेल असंच बेततो. बसायचंय असं कुणी सांगतच नाही.” मी म्हटले, “काका, आम्हाला बसायचंही आहे आणि बसून उड्याही मारायच्या आहेत.” त्यावर त्यांनी मला तिथेच दुकानात उकिडवे बसायला सांगितले आणि त्यांच्या सुनेकडून कमरेपासून पायांमधून मागे पुन्हा कमरेपर्यंत टेप फिरवून माप घेतले. उभ्याने घेतलेल्या मापापेक्षा ते चांगले वीतभर जास्त भरले.

त्यांनी केलेले बदल साधे होते. आसनात चारही शिवणी एका बिंदूत न आणता मध्ये तिरप्या धाग्याचा चौकोनी तुकडा घातला, त्यामुळे ताण एका टाक्यावर न येता चार बाजूंना वाटला गेला. माया दुप्पट ठेवून शिवण दोनदा मारली आणि कडा ओव्हरलॉक केल्या. काष्ट्यात कडक पट्टी घातलीच नाही. काठ फक्त वरच्या वीतभर भागात शिवून खाली मोकळे सोडले, म्हणजे दिसायला रेष सरळ राहते आणि लोळताना कापड सरकते. इलॅस्टिकऐवजी नाडी घातली. पदर सलग ठेवला. त्यासाठी कापड जास्त लागले आणि निऱ्यांची संख्या थोडी कमी झाली, पण पदर पुढे घेऊन खोचता येतो. शिलाईचे नऊशे रुपये झाले. ही नऊवारी श्रावणभर सगळे खेळ खेळून, अनेकदा धुऊन आजही जशीच्या तशी आहे. शिवलेली नऊवारी हालचालीला अपुरी पडते असे सरसकट म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते: उणीव शिवण्यात नसते, कोणत्या प्रसंगासाठी शिवले यात असते.

कापडाबाबत माझे मत स्पष्ट आहे. बाजारातल्या तयार नऊवारीचे कापड बहुधा कृत्रिम धाग्याचे असते. त्याला चुण्या पडत नाहीत आणि रंग उठून दिसतो, म्हणून फोटोत ते शोभते. पण श्रावणातल्या दमट हवेत बंद सभागृहात तासभर खेळल्यावर ते अंगाला चिकटते आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला घासून कातडी लाल होते. सुती इरकल याला सर्वांत उत्तम. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची ही साडी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या वापरात होती. तिचा लाल पदर आणि त्यावरची पांढरी नक्षी कुणीही लांबून ओळखावी अशी असते. सुती असल्यामुळे ती घाम शोषते आणि धुता धुता मऊ होत जाते. शिवायला देण्यापूर्वी ती रात्रभर पाण्यात भिजवून वाळवली पाहिजे, नाहीतर शिवल्यानंतर आटते आणि सगळे माप बिघडते. पैठणी मात्र शिवायला देऊ नये. हातमागावर विणलेली येवल्याची पैठणी सांभाळून वापरली तर आईकडून मुलीकडे जाते. तिला एकदा कात्री लागली की ती एकाच बाईच्या एकाच वयातल्या मापाची होऊन बसते. आजीच्या लुगड्याची नऊवारी शिवून देण्याच्या जाहिराती हल्ली दिसतात. ज्यांच्या घरी असे एकच लुगडे उरले आहे त्यांनी ते तसेच ठेवावे आणि नेसायला शिकावे. त्या बाबतीत मी जुन्या मताची आहे.

आता ज्या दोन गोष्टींबद्दल दुकानात कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही, त्यांकडे येते. पहिली गोष्ट शौचालयाची. शिवलेली नऊवारी ही विजारीसारखी असल्यामुळे ती पूर्ण खाली उतरवावी लागते, आणि तो सगळा निऱ्यांचा, काष्ट्याचा आणि पदराचा भार दोन्ही हातांत धरून, ओल्या फरशीला लागू न देता, तोल सांभाळावा लागतो. सभागृहांच्या शौचालयांत दाराला खुंटी नसते, बहुतेक ठिकाणी फरशीवर पाणी असते. परिणाम असा होतो की बायका कार्यक्रमाच्या आधी पाणी पीत नाहीत. तीन-चार तास घाम गाळणाऱ्या बायकांनी पाणी टाळावे ही गोष्ट किती घातक आहे हे वेगळे सांगायला नको. पाळीच्या दिवसांत तर काही जणी खेळायलाच येत नाहीत. आमच्या शिंप्याकाकांच्या सुनेने यावर काढलेला तोडगा मला फार आवडला: नाडीच्या दोन्ही टोकांशेजारी तिने आतून दोन मोठे बंद लावून दिले. शौचालयात जाण्यापूर्वी निऱ्या आणि पदर गोळा करून त्या बंदांनी छातीशी बांधायचे, मग नाडी सोडायची. एक हात मोकळा राहतो आणि कापड भिजत नाही. पाच-दहा रुपयांच्या कापडाचे हे काम एकाही तयार नऊवारीत मी पाहिलेले नाही.

दुसरी गोष्ट खिशाची. नेसलेल्या नऊवारीला कनवट होती. पैसे, किल्ली, औषधाची पुडी तिथे खोचली की हात मोकळे. पान-सुपारीची चंची कमरेलाच असायची. शिवलेल्या नऊवारीत कमरेचा पट्टा सपाट झाल्यामुळे कनवट गेली, आणि तिच्या जागी खिसा आला नाही. अलीकडे काही दुकाने उजव्या बाजूला खिसा देऊ लागली आहेत व त्याची मोठी जाहिरातही करतात, पण मी पाहिले ते खिसे उथळ होते. मोबाइल ठेवून फुगडी घातली तर तो बाहेर फेकला जाईल. खिसा निऱ्यांच्या आड, खोल आणि वरून चेन असलेला हवा. बाईच्या कपड्याला खिसा लागत नाही हा समज इतका जुना आणि घट्ट आहे की बाईने स्वतः शिवायला टाकलेल्या कपड्यातही शिंपी तो विचारल्याशिवाय देत नाही. माझ्या नऊवारीला दोन्ही बाजूंना खिसे आहेत, आणि गटातल्या प्रत्येकीने ते पाहिल्यावर आपल्या नऊवारीला लावून घेतले.

‘ही काही खरी नऊवारी नव्हे’ या शेऱ्याकडे आता वळते, कारण तो आम्हाला जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमानंतर कुणीतरी ऐकवते. तो ऐकवणाऱ्यांत त्या दिवशी तयार फेटा डोक्यावर ठेवलेले आणि नाडीचे शिवलेले धोतर घातलेले गृहस्थही असतात. मुंजीत, लग्नात, गणपतीत पुरुषांचे शिवलेले धोतर आणि सोवळे कधीच सर्रास झाले आहे; त्यात काही गैर आहे असे मला मुळीच वाटत नाही, धोतर नेसता न येणाऱ्यालाही पूजेला बसता आले पाहिजे. पण तिथे कुणाला संस्कृती बुडाल्यासारखे वाटत नाही, आणि बाईच्या काष्ट्याला शिवण लागली की वाटते. संस्कृती जपायची जबाबदारी बाईच्या अंगावरच्या कापडावर टाकायची ही सवय सोडायला हवी.

शिवाय नऊवारी कधीच एका रूपात थांबलेली नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या तेव्हा मराठी पद्धतीच्या नेसण्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथल्या थंडीत ते चालणार नाही, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायचे ठरवले. रंगभूमीवर बालगंधर्व स्त्री-भूमिकांत जशी साडी नेसत, जसा पदर घेत, तशी नेसण्याची आणि पदर घेण्याची हौस त्या काळच्या सुशिक्षित घरांतल्या बायकांना लागली. म्हणजे बाईने नऊवारीत कसे दिसावे याचा एक आदर्श चक्क एका पुरुषाने घालून दिला होता, आणि समाजाने तो आनंदाने स्वीकारला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरांतल्या मुली गोल पाचवारी नेसू लागल्या तेव्हा काष्टा सोडणे हेच अनेक घरांत लाजिरवाणे ठरले. सकच्छ, म्हणजे काष्टा घालून, नेसावे की विकच्छ, म्हणजे काष्ट्याविना, यावर वाद झडले. ज्या पाचवारीला तेव्हा इतका विरोध झाला, तीच पुढे सोज्ज्वळ मानली गेली आणि काष्टा हा सणासुदीचा पोशाख उरला. काय खरे आणि काय खोटे हे इतक्या वेळा बदलले असताना आज शिवणीवरून कुणाला हिणवणे योग्य नाही.

आणि नऊवारीची ताकद अजून ओसरलेली नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये सुमारे १३,००० फुटांवरून नऊवारीत स्कायडायव्हिंग केले. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या क्रांती साळवी बर्लिनची मॅरेथॉन नऊवारीत चार तासांच्या आत धावल्या. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत, जी प्रथा डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झाली आणि पुढे गिरगाव, ठाणे, पुणे अशी पसरली, नऊवारी आणि फेटा घालून मोटारसायकल चालवणाऱ्या मुली आता दरवर्षी दिसतात. मोटारसायकलवर पाय टाकून बसणे गोल साडीत अशक्य आणि काष्ट्यात सहज शक्य. या मुलींपैकी बहुतेकींची नऊवारी शिवलेली असते, हे मी जवळून पाहिले आहे. नेसायला शिकवणारे कुणी घरात उरलेले नाही म्हणून त्यांनी ती सोडून दिली असती, तर त्या रस्त्यावर आज ती दिसलीच नसती.

आमच्या गटातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे परीक्षण मला पुरे वाटणार नाही. मंगळागौर ही सवाशिणींची, त्यातही नव्याने लग्न झालेल्या मुलींची. ज्या बाईचा नवरा गेला आहे तिने पूर्वी त्या रात्री आतल्या खोलीत बसायचे किंवा स्वयंपाकघर सांभाळायचे. केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावरचे आलवण पाहूनच कुणाला काय करायची परवानगी आहे ते कळत असे. आमच्या गटात अशा तीन जणी आहेत, आणि एक लग्न न केलेली प्राध्यापिका आहे. गटाने सगळ्यांसाठी एकाच ठाणातून हिरव्या रंगाचे, मोतिया काठाचे कापड घेऊन नऊवाऱ्या शिवून घेतल्या, सगळ्यांना सारख्याच नथी आणि सारखेच गजरे घेतले. एका यजमानीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, “यांच्यात सगळ्या सवाशिणीच आहेत ना हो?” मी सांगितले की आमच्यात सगळ्या खेळणाऱ्या आहेत. त्या क्षणभर थांबल्या, मग स्वतः आत जाऊन सगळ्यांसाठी पाणी घेऊन आल्या, आणि शेवटी त्यांनी ओटी भरताना कुणालाही वगळले नाही. एका ठाणातून शिवलेल्या त्या कपड्यामुळे कोण कोण आहे हे ओळखण्याची सोयच राहिली नव्हती, आणि आमच्या त्या तिघी ज्या आवेशाने पिंगा घालत होत्या तो पाहणाऱ्या कुणालाही ते विचारावेसे वाटू नये.

आता घेणाऱ्यांसाठी माझे मत. एका दिवसाच्या समारंभासाठी, लहान मुलींसाठी आणि शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी बाजारातली तयार नऊवारी चालेल. मात्र घेण्यापूर्वी ती उलटी करून आसनातली माया पाहावी, पदर पुढे ओढून कमरेला पोहोचतो का ते पाहावे, आणि सहावारीच्या कापडातून बेतलेली असेल तर घेऊ नये. लहान मुलींच्या नऊवाऱ्यांत जरीच्या काठाखाली अस्तर असेलच याची खात्री करावी, कारण अस्तराशिवाय ती जर कोवळ्या कातडीला टोचते आणि मूल तासाभरात रडकुंडीला येते. खेळ, लेझीम, नाच किंवा मोटारसायकल यांपैकी काहीही करायचे असेल तर सुती कापड घेऊन शिवूनच घ्यावी. कापड आणि शिलाई मिळून खर्च तयार नऊवारीपेक्षा थोडा अधिक होईल, पण ती कितीतरी जास्त टिकेल. नाडी, सलग पदर, आसनातला चौकोनी तुकडा, खोल खिसे आणि आतले बंद या गोष्टी शिंप्याला आपणहून सांगाव्या लागतात. श्रावणासाठी हवी असेल तर आषाढ लागण्यापूर्वीच कापड द्यावे, कारण नंतर चांगल्या शिंप्यांकडे जागा उरत नाही आणि घाईत बेतलेली नऊवारी आसनातच बिघडते. आणि माप देताना उभ्याने दिलेल्या मापावर समाधान न मानता उकिडवे बसून दुसरे माप घ्यायला लावावे.